थ्रो-इनवरून झालेला गोल ऑफसाइड ठरतो का?

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरच्या आमखास मैदानावर दुपारी स्थानिक संघांचा फुटबॉल सामना पाहिला. थ्रो-इनचा (कडेच्या रेषेबाहेर गेल्यावर हातांनी आत फेकलेला) चेंडू थेट मिळताच आघाडीच्या खेळाडूने केलेला गोल प्रेक्षक ऑफसाइड (सहकाऱ्याने चेंडू दिला तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढे असणे) म्हणत असतानाही पंचांनी ग्राह्य धरला. हे योग्य होते का?

उत्तर १: होय, निर्णय अचूकच होता. थ्रो-इन, गोल-किक वा कॉर्नरवरून (गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू पुन्हा खेळात आणणाऱ्या किक) चेंडू थेट मिळाल्यास ऑफसाइड धरत नाहीत. शिवाय 1990 पासून शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या समरेषेतील खेळाडूही ऑफसाइड नसतो.

उत्तर २: सहायक पंच नसतील आणि चुन्याची रेघ मातीत पुसली गेली असेल, तर एकट्या पंचाची फार ओढाताण होते, हे मला मनापासून सांगावेसे वाटते. पुढच्या वेळी मध्यरेषेऐवजी पेनल्टी क्षेत्रासमोर (गोलपुढच्या आखलेल्या चौकटीसमोर) कडेला उभे राहा. तेथून बचावफळी स्पष्ट दिसते.