परदेशातल्या शाळेत नोकरी करता करता शिक्षक-परवाना: तुम्ही कोणती वाट धरली?

नमस्कार मंडळी. मी मूळची ठाण्याची. गेली ६ वर्षं बँकॉकमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत ९-१० वर्षांच्या मुलांना शिकवते. एम.एस्सी. झालंय, बी.एड. नाही. आले तेव्हा सहायक शिक्षिका होते, मग एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिचा वर्ग माझ्या हातात आला. तेव्हापासून दुसरं काही करावंसं वाटलेलं नाही.

अडचण कागदाची आहे. इथं शिक्षकांची परिषद आहे, खुरुसपा. तिचा परवाना नसेल तर शाळा तुमच्यासाठी २ वर्षांची तात्पुरती परवानगी काढते. ती पुन्हा मिळते, पण कायम मिळत राहत नाही. माझी दुसरी चालू आहे. मार्चमध्ये मुख्याध्यापिकेनं खोलीत बोलावून दार लावलं, चहा मागवला आणि म्हणाली, तुझ्या कामाबद्दल काही बोलायचं नाही, पण पुढच्या वेळी माझ्या हातात काही नसेल.

आई म्हणते, इकडे ये आणि बी.एड. करून टाक. पण २०१५ पासून बी.एड. २ वर्षांचं झालंय, त्यात दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत आंतरवासिता. मुक्त विद्यापीठातून करावं तर त्याला आधीच डी.एल.एड.सारखं प्रशिक्षण झालेलं लागतं. म्हणजे नोकरी सोडायची. कासारवडवलीच्या फ्लॅटचा हप्ता चालू असताना ते शक्य नाही.

माहितीपत्रकं सगळी वाचून झालीत. मला हवाय तो अनुभव. कोणती वाट धरली, ती का, शाळा सांभाळून संध्याकाळी नेमकं काय करावं लागलं, आणि तो कागद पुढे कुणी मान्य केला, कुणी नाही. सविस्तर लिहा, मी सगळं वाचणार आहे. वाईट अनुभव आला असेल तर संस्थेचं नाव न घेता लिहा.

दुबई, गणित, माध्यमिक

ताई, मी उलट्या टोकाची. माझं बी.एड. २००८ चं, कोल्हापूरचं, तेव्हा १ वर्षाचं होतं. तेव्हा वाटायचं, पाठ टाचणं लिहून लिहून हात मोडला, याचा उपयोग काय? दुबईत आल्यावर त्या कागदाची किंमत कळली.

पण कागद असून भागत नाही, तो साक्षांकित लागतो. पदवी आणि बी.एड. दोन्ही आधी मुंबईला मंत्रालयात, मग परराष्ट्र खात्याकडे, मग अमिरातीच्या वकिलातीत, आणि इथं पोचल्यावर पुन्हा इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. माझ्या प्रमाणपत्राची मागची बाजू आता शिक्क्यांनी आणि स्टिकरांनी इतकी भरलीय की मूळ कागद दिसत नाही. मला ४ महिने लागले, त्यातले अडीच एका गोष्टीत गेले. मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. राजपत्रात नाव छापून आणावं लागलं. परदेशी जायचा विचार असलेल्या मुलींनी हे आधी उरकून घ्या, नोकरीचं पत्र हातात आल्यावर धावाधाव होते.

त्यानंतर इथल्या शिक्षक परवान्यासाठी २ परीक्षा दिल्या, एक अध्यापनशास्त्राची, एक विषयाची. विषयाची सोपी गेली. अध्यापनशास्त्राला मात्र बी.एड.च्या वह्या सासूबाईंकडून मागवून घेतल्या. मूल्यमापनाच्या प्रकारांवरचा माझाच हस्तलिखित तक्ता १० वर्षांनी कामी आला.

हॅनोई, इंग्रजी, माध्यमिक

मी सांगलीचा. माझी गोष्ट जरा लांब आहे, कारण मी एकच काम दोनदा केलं. तुम्ही ते एकदाच करावं म्हणून लिहितोय.

२०१९ मध्ये मी इंग्लंडच्या एका विद्यापीठाचा आंतरराष्ट्रीय पीजीसीई, म्हणजे पदवीनंतरचा शिक्षणशास्त्राचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला. नोकरी करता करता, वर्षभरात. अभ्यासक्रम खरोखर चांगला होता. तोवर मी मला जसं शिकवलं गेलं तसंच शिकवत होतो. मुलं गप्प का बसतात यावर एक मोठा निबंध लिहायचा होता, त्यासाठी स्वतःच्या तासाचं ध्वनिमुद्रण करून ऐकलं. ४० मिनिटांच्या तासात मी ३१ मिनिटं बोलत होतो. त्या दिवसापासून माझं शिकवणं बदललं. शिवाय त्याचे ६० श्रेयांक पुढे एम.ए.ला धरले जातात, म्हणजे १८० पैकी तिसरा हिस्सा झालेला असतो.

पण पीजीसीई ही शैक्षणिक पात्रता आहे. इंग्लंडमध्ये शिक्षक म्हणून जो दर्जा लागतो तो क्यूटीएस, आणि माझ्या अभ्यासक्रमात तो नव्हता. माहितीपत्रकात ते लिहिलेलं होतं, मीच भरभर वाचलं. पुढच्या शाळेच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, क्यूटीएस आहे का? नाही म्हटल्यावर पगाराची पायरी खाली आली. शेजारच्या वर्गातला माझ्याहून ४ वर्षांनी लहान सहकारी माझ्या दीडपट घेत होता. मुलांच्या निकालात फरक नव्हता. हे मनाला फार लागलं, अजून लागतं.

२०२२ मध्ये इंग्लंडच्या शिक्षण खात्यानं आयक्यूटीएस हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू केला, परदेशात राहूनच करायचा. तो पूर्ण केला की क्यूटीएस मागता येतो. मी त्याच्या पुढच्या वर्षी प्रवेश घेतला. यात निबंधांपेक्षा वर्गाला महत्त्व. शाळेत एक मार्गदर्शक शिक्षक नेमावा लागतो, तो दर आठवड्याला बसून बोलतो, तास पाहतो. शिक्षकांची ८ मानकं आहेत आणि प्रत्येकासाठी तुम्ही केलेल्या कामाचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे काय, तर तपासलेल्या वह्यांचे फोटो, मागे पडलेल्या मुलासाठी बदललेलं टाचण, पालकांशी झालेल्या बैठकीची टिपणं. दोन शाळांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत जाऊन राहिलो. ते आठवडे जड गेले. सकाळी साडेपाचला स्कूटरवर निघायचो, आणि माझ्या मूळ वर्गाचे तास माझ्या सहकाऱ्यांनी वाटून घेतले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शाळेशी आधी बोला, विद्यापीठाशी नंतर. मार्गदर्शक द्यायला शाळा मनापासून तयार नसेल तर हा अभ्यासक्रम होत नाही.

मस्कत, भौतिकशास्त्र

थोडक्यात लिहितो. ज्यांचं भारतातलं बी.एड. आहे आणि जे गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवतात, त्यांनी वेगळा अभ्यासक्रम घेण्याआधी एक गोष्ट पाहा. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र झालेल्या शिक्षकांना इंग्लंडच्या क्यूटीएससाठी थेट अर्ज करता येऊ लागला. ११ ते १६ वयोगट, ठरावीक विषय. अर्जाला फी नव्हती. मी बी.एड.ची कागदपत्रं आणि पदवी इंग्रजी माध्यमातून झाल्याचं विद्यापीठाचं पत्र जोडलं. मिळाला. प्राथमिकच्या लोकांना हा रस्ता नाही, त्यामुळे ताई तुम्हाला उपयोग नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी होईल. आणि क्यूटीएस इंग्लंडचा, स्कॉटलंडची नोंदणी वेगळी आहे.

बँकॉक (धागा सुरू करणारी)

हॅनोईचे दादा, तो ४० पैकी ३१ मिनिटांचा हिशेब वाचून काल मीही माझा परिसराचा तास रेकॉर्ड केला. २६ मिनिटं. एक विचारते. तुम्ही पीजीसीई आधी केला नसतात, सरळ आयक्यूटीएस केला असतात, तर चाललं असतं?

हॅनोई

चाललं असतं, ताई. पीजीसीई जोडूनच देणारी विद्यापीठंही आहेत. पण एक नक्की करा. हे सगळं इंग्लंडचं. तुम्हाला उद्या परवाना देणार आहे खुरुसपा. ती काय मान्य करते ते शाळेच्या कार्यालयाकडून लेखी मागवा, आणि मगच फी भरा. तोंडी 'चालेल'वर विसंबू नका.

क्वालालंपूर, विशेष शिक्षण

मी नागपूरची. अमेरिकन पद्धतीच्या शाळेत आहे, म्हणून अमेरिकन वाट धरली. मोरलँड युनिव्हर्सिटी, जुनं नाव टीच-नाऊ. ९ महिने, सगळं ऑनलाइन, शेवटी १२ आठवडे वर्गात मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली. परवाना वॉशिंग्टन डी.सी.चा. आमच्या गटात कोणी सोलला, कोणी कैरोला, एक जण पेरूच्या डोंगराळ गावात. आठवड्याचा वर्ग आमच्याकडे पहाटे ५ वाजता यायचा. मुलगा तेव्हा दीड वर्षाचा. तो उठला की मांडीवर घेऊन बसायची आणि कॅमेरा बंद करायला कुणी सांगितलं नाही, हे मला फार मोठं वाटलं.

अभ्यास झाला, प्रॅक्सिस या अमेरिकन शिक्षक-परवान्याच्या परीक्षा घरी बसून दिल्या, आणि अडकले कुठे, तर बोटांच्या ठशांत. परवान्यासाठी एफबीआयची पार्श्वभूमी तपासणी लागते. कार्डावर शाईनं दहाही बोटांचे ठसे. पहिलं कार्ड परत आलं, ठसे अस्पष्ट. दुसरंही परत. तिसऱ्या वेळी ठसे घेणाऱ्या बाईंनी माझी बोटं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाल्या, भांडी फार घासता का? त्वचेवरच्या रेषा झिजल्यात. ४ दिवस रात्री ग्लिसरीन लावून या. लावलं, ठसे उमटले, कार्ड मंजूर झालं. माझ्या आईचेही आधारच्या वेळी ठसे उमटत नव्हते, ते आठवून त्या संध्याकाळी खूप रडले.

या परवान्याला मुदत असते. नूतनीकरणासाठी प्रशिक्षणाचे तास दाखवावे लागतात, प्रत्येक कार्यशाळेचं प्रमाणपत्र जपून ठेवा. बी.एड.चं तसं नाही, एकदा झालं की झालं.

दार-ए-सलाम, प्राथमिक

मला हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. मी पुण्यातल्या एका एजंटामार्फत 'आंतरराष्ट्रीय अध्यापन पदविका' घेतली. १२० तासांची, सोनेरी शिक्क्याची. साठवलेले पैसे त्यात गेले. नवीन शाळेच्या कार्यालयानं साधा प्रश्न विचारला, ही पदविका कोणत्या देशाच्या कोणत्या नियामक संस्थेनं मान्य केलीय? एजंटाला विचारलं, त्यानं 'जगभर चालते' एवढंच सांगितलं आणि मग फोन उचलणं बंद केलं. हाच प्रश्न तुम्ही आधी विचारा. देशाचं नाव, संस्थेचं नाव, लेखी.

त्यानंतर शाळेनं मला पीवायपीच्या, म्हणजे आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या प्राथमिक भागाच्या कार्यशाळेला पाठवलं, पुढे केंब्रिजची अध्यापनाची पदविका केली. दोन्हींतून खूप शिकले. केंब्रिजला स्वतःच्या कामाची फाइल करावी लागते, दुसऱ्याचा तास बघून लिहायचं, आपला तास दुसऱ्यानं बघायचा. पण हे दोन्ही परवाने नाहीत. त्यानं शिकवणं सुधारतं, आहे त्या शाळेत मान वाढतो. सरकारी खिडकीवर त्याचा उपयोग होत नाही. मी आता ४३ वर्षांची आहे आणि परवान्याचा अभ्यासक्रम यंदा सुरू केलाय.

मेलबर्न, पूर्वी दोहा

दोह्याला ११ वर्षं शिकवून आम्ही ऑस्ट्रेलियाला आलो. इथं स्थलांतरासाठी शिक्षक म्हणून मूल्यांकन एआयटीएसएल ही इथली राष्ट्रीय संस्था करते. एकूण ४ वर्षांचं उच्च शिक्षण लागतं, त्यात किमान १ वर्ष शिक्षक-प्रशिक्षण. बी.एस्सी. ३ आणि जुनं बी.एड. १, असं माझं जमलं. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेत वाचन-लेखनात ७ आणि बोलणं-ऐकण्यात ८. ते ८ मला तिसऱ्या प्रयत्नात मिळाले.

पण खरी कसोटी पुढे होती. प्रशिक्षणात देखरेखीखाली किमान ४५ दिवस शिकवल्याचा कॉलेजचा पुरावा हवा. माझ्या मार्कशीटवर नुसतं 'प्रात्यक्षिक' आणि गुण. किती दिवस, कुठेही नाही. साताऱ्याच्या कॉलेजला फोन केला. बी.एड. झालं १९९८ ला, ओळखीचं कोणी उरलं नसेल असं वाटलं होतं. लिपिक नवीन होता, पण म्हणाला, मॅडम, जुनी हजेरीपत्रकं माळ्यावर आहेत, रविवारी बघतो. त्यानं खरोखर बघितलं. सराव पाठ, सलग पाठ, छात्रसेवाकाळ, सगळ्यांच्या तारखा काढून, प्राचार्यांच्या सहीनिशी लेटरहेडवर पाठवल्या. ४८ दिवस. त्या हजेरीपत्रकाच्या पानाचा फोटो अजून माझ्याकडे आहे, माझी सही त्यात वेगळीच दिसते.

तेव्हा आज जे कोणी कुठलंही प्रशिक्षण घेताय, त्यांनी वर्गावर गेलेल्या प्रत्येक दिवसाची नोंद सहीशिक्क्यासह घेऊन ठेवा. नुसत्या ऑनलाइन अभ्यासाचे तास इथं धरत नाहीत.

बँकॉक (धागा सुरू करणारी)

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. दार-ए-सलामच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी परवा एका एजंटाला नाही म्हणू शकले, तुमचाच प्रश्न त्याला विचारला होता.

काल मुख्याध्यापिकेकडे गेले. आयक्यूटीएससाठी मार्गदर्शक द्यायला ती तयार आहे, नाव पण ठरलं, पाचवीची आमची विभागप्रमुख. खुरुसपाला विचारणा शाळेच्या लेटरहेडवर आज गेली, उत्तर आल्याशिवाय फी भरणार नाही. तोवर कागद जमवतेय. प्राथमिकसाठी इंग्रजी, गणित आणि विज्ञान तिन्हींची दहावीची पातळी दाखवायचीय, आणि माझी दहावीची मूळ मार्कशीट ठाण्याला लोखंडी कपाटात आहे. बाबा आज संध्याकाळी काढून स्कॅन करायला नेणार आहेत.

दुसऱ्या शाळेचा प्रश्न राहिलाय. बँकॉकमध्ये किंवा जवळपास नोंथाबुरीकडे कुणी शिकवत असेल आणि तुमच्या शाळेत काही आठवड्यांसाठी मला वर्गावर येऊ देतील असं वाटत असेल, तर कृपया सांगा. शनिवारी येऊन आधी भेटायचीही तयारी आहे.