मदत हवी आहे: को-जनच्या कंट्रोल रूमचे स्क्रीन सुटसुटीत कसे करावेत?

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. गाळप बंद आहे तोवर को-जनच्या (बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून वाफ आणि वीज बनवणारा विभाग) डीसीएसचे, म्हणजे संगणकीय नियंत्रण यंत्रणेचे, स्क्रीन नव्याने मांडायचे आहेत.

सध्या काळ्या पार्श्वभूमीवर अख्खी पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा तपशीलवार आराखडा) उतरवलीय. पाइप रंगीबेरंगी, पंखे गरागरा फिरतायत, बगॅसच्या कन्व्हेयरला तर ॲनिमेशन आहे (संचालक मंडळाला फार आवडतं). पण बगॅस ओला आला आणि स्टीमचं प्रेशर पडायला लागलं, की ड्रम लेव्हल (बॉयलरमधली पाण्याची पातळी), ड्राफ्ट (भट्टीतली हवेची ओढ) आणि टर्बाइनचा लोड बघायला ऑपरेटरला सारखी पानं बदलावी लागतात. वर अलार्मचा भडिमार. १९९४ मध्ये वेल्समधल्या मिलफोर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोटाआधीच्या जेमतेम ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. आपल्याकडे तसं नको.

आयएसए १०१ (ऑपरेटरच्या स्क्रीनसाठीचं मानक) च्या धर्तीवर राखाडी पार्श्वभूमी, एकच ओव्हरव्ह्यू पान, आकड्याशेजारी नॉर्मल पट्टा आणि छोटा ट्रेंड (आलेख), असं डोक्यात आहे. अडलंय ते रंगावर. इलेक्ट्रिकलवाल्यांकडे ब्रेकर चालू म्हणजे लाल. मला लाल फक्त अलार्मसाठी ठेवायचाय. ते ऐकत नाहीत, आणि त्यांचंही चूक नाही. पॅनलवरचे दिवे तसेच आहेत.

कुणी हे कसं सोडवलंय? चालू-बंद नुसत्या भरीव-पोकळ चिन्हाने दाखवलं तर रात्रपाळीत नीट कळतं का? आणि जुन्या ऑपरेटरांना राखाडी स्क्रीन कसा पचवलात? आमचे एक काका नमुना बघून म्हणाले, "साहेब, मॉनिटर गेला का?"