फेडरल नोकरी: १९ अर्ज केले, एकही पुढे सरकत नाही. मदत हवी आहे

ओसरी:
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते, कारण मंगळवारी रात्री ११:५९ ला एक जाहिरात बंद होतेय आणि त्याआधी माझं नक्की काय चुकतंय ते मला कळायला हवं.

ऑक्टोबर २०२४ पासून यूएसएजॉब्सवर (अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची साइट) १९ अर्ज केले. ५ जाहिराती मध्येच रद्द झाल्या. २ ठिकाणांहून अजून काहीच कळवलेलं नाही. उरलेल्या १२ ठिकाणांहून तोच एक ठरावीक मेल: तुम्ही या पदाची किमान पात्रता पूर्ण करत नाही. किमान! अकरा वर्षं मी रोज जे काम केलं, नेमक्या त्याच कामाची जाहिरात असते. एका ठिकाणच्या एचआरला मेल केला, तर 'सादर केलेल्या कागदपत्रांवरून पात्रता ठरवता आली नाही' असं उत्तर आलं. कोणत्या कागदपत्रांवरून, ते सांगितलंच नाही.

रेझ्युमे तीन जणांकडून तपासून घेतलाय. 'नेटवर्किंग करा' असं कृपया सांगू नका, ते करून झालं. ज्यांना खरंच आत शिरता आलंय त्यांनी सांगा, अडतंय कुठे?

पोटोमॅककाठ:
ओसरी, आधी थोडी माहिती द्या म्हणजे सांगता येईल. सिटिझन आहात की ग्रीन कार्ड? सिरीज (पदाचा प्रकार) कुठली, ग्रेड (पदाची पातळी) कुठला? शिक्षण भारतातलं की इथलं? 'किमान पात्रता नाही' या एका वाक्याच्या पोटात दहा वेगवेगळी कारणं असतात.

नानाकाका_एडिसन:
ताई, रेझ्युमे लांब करा. लोक इथेच चुकतात. खाजगी कंपनीला देतो तसा आटोपशीर रेझ्युमे फेडरलला चालत नाही. मी २००९ साली लागलो तेव्हा माझा सहा पानी होता. प्रत्येक कामाचा तपशील, सुपरवायझरचं नाव, फोन, आठवड्याचे तास, सगळं होतं. तुमचा पाच पानांपेक्षा कमी असेल तर कारण तेच.

रेवती_एस:
नानाकाका, हा सल्ला आता देऊ नका, त्यानं नुकसान होईल. २७ सप्टेंबर २०२५ पासून यूएसएजॉब्सवर दोन पानांची मर्यादा आहे. त्याहून मोठा रेझ्युमे जोडून अर्ज करताच येत नाही. मे २०२५ मध्ये नवी भरती-योजना आली, त्यातला हा बदल आहे.

नानाकाका_एडिसन:
दोन पानांत अकरा वर्षांचं काम मांडायचं कसं? हे मला मुळीच पटत नाही. पूर्वी माणसाला आपलं म्हणणं पूर्ण मांडता यायचं.

रेवती_एस:
पटत मलाही नाही. पण नियम आहे तो आहे.

सह्याद्रीपुत्र:
केंद्र सरकारात जायचं असेल तर यूपीएससीची परीक्षा द्या. सर्वसाधारण गटाला ३२ वर्षांपर्यंत ६ प्रयत्न मिळतात. वय निघून गेलं असेल तर राज्यसेवेचं बघा. माझ्या भाच्याने पुण्यात अभ्यासिका लावली होती, त्याला खूप फायदा झाला.

ओसरी:
सह्याद्रीपुत्र, मी मेरीलँडला असते, हा अमेरिकेतल्या फेडरल नोकरीबद्दलचा धागा आहे. तरी आभार.

पोटोमॅककाठ, सिटिझन अर्थातच आहे, २०२३ पासून. नाहीतर अर्ज कशाला केले असते? स्टॅटिस्टिशियनच्या पदांसाठी करतेय, ग्रेड जीएस-१२. आधी औषध कंपनीत क्लिनिकल ट्रायल्सच्या आकडेवारीचं काम होतं, २०२४ च्या उन्हाळ्यात आमचा अख्खा गट कमी केला. रेझ्युमे दोनच पानांचा आहे, सप्टेंबरनंतर मीच चार पानांचा कापून दोन केला.

व्हर्जिनियाची_वैशू:
'अर्थातच' कसं? १९७६ च्या आदेशापासून स्पर्धात्मक सेवेतल्या (म्हणजे बहुतेक नेहमीच्या फेडरल) जागा फक्त अमेरिकन नागरिक आणि नॅशनल्सना (अमेरिकन समोआत जन्मलेले वगैरे) आहेत, हे आपल्या कित्येक लोकांना ठाऊक नसतं. ग्रीन कार्डवर पाच-पाच वर्षं अर्ज करत बसलेले पाहिलेत मी. म्हणून विचारावंच लागतं. बाय द वे, पोस्ट खात्यात ग्रीन कार्ड चालतं आणि त्यांची भरती वेगळी असते. आमच्या शेजारच्या पटेलकाकू तिथेच लागल्या, आता सुट्ट्या, विमा सगळं उत्तम आहे. ओसरी, तिकडे का बघत नाहीस?

ओसरी:
वैशू, मला आकडेवारीचंच काम करायचंय गं. 'नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्स' या फेडरल संस्थेच्या सर्वेक्षणांचे आकडे मी वर्षानुवर्षं वापरले. कोणाचा रक्तदाब किती, कोण काय खातं, हे माणसांची प्रत्यक्ष तपासणी करून, त्यांना विचारून नोंदवलेलं. इतक्या निगुतीने केलेलं काम खाजगीत मला कुठे दिसलं नाही. तसल्या कामात मला हात घालायचाय. म्हणून एवढा आटापिटा.

हडसनकर:
आत्ता कशाला जाताय तिकडे? २० जानेवारी २०२५ ला भरती गोठवली, मग १५ जुलैपर्यंत वाढवली, मग १५ ऑक्टोबरपर्यंत. चार जण गेले तर एकच नेमायचा, हा हिशेबही फेब्रुवारी २०२५ च्या आदेशात आला. फेब्रुवारीत तर प्रोबेशनवरच्या हजारो लोकांना घरी पाठवलं. माझी बहीण त्यात होती, लागून सात महिने झाले होते. काम उत्तम असल्याचा शेरा हातात होता आणि नोकरी गेल्याचं पत्रही हातात होतं. आता तर प्रोबेशनचं वर्ष संपताना खात्याने लेखी होकार दिला तरच माणूस टिकतो. ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकार बंद होतं ते वेगळंच. ज्याला सुरक्षित नोकरी म्हणायचे ती ही राहिलेली नाही. काउंटीत बघा, राज्य सरकारात बघा.

नानाकाका_एडिसन:
बहिणीचं वाईट झालं, पण म्हणून सगळ्यांना घाबरवू नका. सोळा वर्षांत मी किती सरकारं आली-गेली पाहिली. निवृत्तिवेतन, निवृत्तीनंतरही चालू राहणारा आरोग्यविमा, खाजगीत कोण देतं हे?

हडसनकर:
तुम्ही आत आहात काका, ती बाहेर आहे. २००९ चं दार आणि आजचं दार एक नाही.

गोदाकाठ:
ओसरी, तुम्हाला वाटतंय अडचण पात्रतेची आहे, पण खरी लढाई पुढे आहे. पार्श्वभूमी तपासणीचा एसएफ-८६ फॉर्म! भारतातले नातेवाईक, त्यांचे पत्ते, सात वर्षांतला परदेश प्रवास, भारतातली बँक खाती, जमीन, सगळं लिहावं लागतं. मी सांगलीच्या घरात भावाबरोबर माझं नाव आहे हे लिहायला विसरलो, मुलाखतीत निघालं आणि चार महिने नुसते खुलाशात गेले. ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) असेल तर तेही सांगायचं. भारताचा जुना पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र हाताशी ठेवा.

पोटोमॅककाठ:
गोदाकाठ, माहिती मोलाची आहे, पण एसएफ-८६ राष्ट्रीय सुरक्षेशी संबंधित पदांना लागतो. आरोग्य-आकडेवारीच्या साध्या पदाला सहसा एसएफ-८५ किंवा ८५पी हे त्याहून छोटे फॉर्म. आणि त्यांचा अर्ज अजून पहिल्या टेबलावरून उठलेला नाही. आधी ते बघू. ओसरी, शिक्षणाचं तुम्ही अजून सांगितलेलंच नाही.

ओसरी:
पुण्याहून बी.एस्सी. आणि एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. दोन्ही फर्स्ट क्लास. इव्हॅल्युएशन (इथल्या शिक्षणाशी तुलना करून दिलेला दाखला) केलेलं आहे, प्रत्येक अर्जाला जोडते. त्यामुळे शिक्षणाचा प्रश्नच येत नाही.

नील_दादरचा:
पुरुषांसाठी एक सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. मी १९ व्या वर्षी आईबाबांबरोबर ग्रीन कार्डवर आलो. १८ ते २६ मध्ये सिलेक्टिव्ह सर्व्हिसला (गरज पडल्यास सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ठेवलेली सरकारी यादी) नाव नोंदवायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. २०१९ ला फेडरलची ऑफर आली तेव्हा कागदावर तोच प्रश्न. जाणूनबुजून टाळलं असेल तर फेडरल नोकरी मिळत नाही. मी टाळलं नव्हतं, हे पटवून द्यायला सिलेक्टिव्ह सर्व्हिसचं पत्र, माझं निवेदन, शाळेची कागदपत्रं, सगळी जुळवाजुळव केली. तोवर जागा गेली. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असताना नोंदणी लागत नाही. पण मुलं इथे जन्मली असतील किंवा ग्रीन कार्डवर असतील तर अठराव्या वाढदिवसानंतर लगेच बघा.

व्हर्जिनियाची_वैशू:
बाप रे, नील. माझा मुलगा एप्रिलमध्ये १८ चा होतोय. आजच बघते.

सह्याद्रीपुत्र:
स्टॅटिस्टिक्स असेल तर भारतीय सांख्यिकी सेवेची वेगळी परीक्षा असते, तीही यूपीएससीच घेते. वयोमर्यादा मात्र २१ ते ३०.

रेवती_एस:
ओसरी, मी सहा वर्षं एका खात्यात भरतीच्या टेबलावर होते, म्हणून विचारते. तीन गोष्टी नेमक्या सांगा.
त्या १२ जाहिरातींत 'कोण अर्ज करू शकतं' या रकान्यात काय होतं?
रेझ्युमे कापताना प्रत्येक नोकरीचे महिने आणि आठवड्याचे तास राहिले की गेले?
आणि तुमचं इव्हॅल्युएशन कशासाठी केलं होतं, त्यात काय लिहिलंय?

उत्कर्ष७:
एवढं कशाला? अर्जातल्या अनुभवाच्या प्रश्नावलीत सगळीकडे 'तज्ज्ञ आहे' हाच पर्याय निवडायचा. खालचा पर्याय निवडला की संपलं. माझ्या मित्राने तसंच केलं आणि लागला.

नानाकाका_एडिसन:
खोटं लिहू नका. ऑफर मिळाल्यावर खरं लिहिल्याचं सही करून द्यावं लागतं, आणि पुढे उघड झालं तर लागलेली नोकरी जाते.

उत्कर्ष७:
खोटं लिहा म्हटलंच नाही, काका. आपल्याकडची एखादी मुलगी दहा वर्षं करत असलेलं काम 'देखरेखीखाली करते' असं लिहिते आणि कमी अनुभवाचा माणूस तज्ज्ञ लिहून पुढे जातो. स्वतःला कमी लेखू नका एवढंच.

रेवती_एस:
उत्कर्ष, ते बरोबर आहे, फक्त रेझ्युमेत त्याचा पुरावा दिसला पाहिजे. आता पूर्वीसारखं नुसत्या प्रश्नावलीवर भागत नाही.

ओसरी:
रेवतीताई, आत्ता सगळ्या जाहिराती उघडून बघितल्या. १२ पैकी ३ फक्त आधीपासून फेडरलमध्ये असलेल्यांसाठी होत्या. माझं लक्षच गेलं नव्हतं. बाकी ९ सर्वांसाठी खुल्या होत्या.

रेझ्युमेत आता नुसती सालं आहेत. जागा करायला महिने आणि तास काढून टाकले होते.

इव्हॅल्युएशन २०१३ चं, एच-१बी साठी वकिलांनी करून घेतलं होतं. एकच पान आहे, खाली उठावाचा शिक्का. दोन वर्षांची एम.एस्सी. ही इथल्या स्टॅटिस्टिक्समधल्या मास्टर्स पदवीच्या बरोबरीची आहे, एवढंच वाक्य. त्याला मार्कशीटच्या प्रती जोडते.

रेवती_एस:
मिळालं.

ऐका. स्टॅटिस्टिशियनची सिरीज १५३०. तिथे नुसती पदवी बघत नाहीत, विषयांचे सेमिस्टर-तास (इथल्या विद्यापीठातली क्रेडिट्स) मोजतात. १५ तास स्टॅटिस्टिक्सचे (किंवा गणित आणि स्टॅटिस्टिक्स मिळून १५, पण त्यात निदान ६ स्टॅटिस्टिक्सचे), आणि त्याशिवाय आणखी ९ तास ठरवून दिलेल्या विषयांतले. अनुभव अकरा वर्षांचा असो की तीस, हे तास कागदावर दिसले नाहीत तर पुढचं वाचतच नाहीत. तुमच्या मार्कशीटवर काय असेल? पेपर १ ते पेपर ८, प्रत्येकी १०० गुण. क्रेडिट नाही, तास नाहीत. टेबलावरची व्यक्ती स्टॅटिस्टिशियन नसते. 'पेपर ५' म्हणजे किती तास हे ठरवण्याचा तिला अधिकारही नसतो. ते ठरवून देणारा कागद म्हणजे विषयवार इव्हॅल्युएशन. तुमचं आहे ते नुसतं पदवीचं. व्हिसाला ते पुरलं, इथे पुरत नाही. 'कागदपत्रांवरून ठरवता आली नाही' याचा अर्थ माझ्या मते हाच.

नेसेस किंवा एआइस या संघटनांच्या सभासद संस्थेकडून विषयवार करून घ्या, बी.एस्सी.चंही. आणि महिने-तास आजच परत घाला. जीएस-१२ साठी जीएस-११ च्या तोडीचं काम एक वर्ष केल्याचं दाखवावं लागतं. नुसतं '२०१३-२०२४' लिहिलं तर ते वर्ष पूर्ण वेळेचं होतं की अर्ध्या वेळेचं, कसं कळणार?

ओसरी:
मार्कशीट समोर घेऊन बसलेय. खरंच 'पेपर ५' एवढंच छापलंय. विषयाचं नावसुद्धा नाही.

सव्वा वर्ष. एकाही मेलमध्ये हे एक वाक्य लिहिता आलं नसतं का त्यांना?

पोटोमॅककाठ:
लिहायला हवं होतं. रेवती, तुमच्यासारखी माणसं त्या टेबलावर असताना असं का होतं?

रेवती_एस:
एका जाहिरातीला चारशे अर्ज, बघायला दोघी. सिस्टीममध्ये ठरलेली वाक्यं असतात, त्यातलं एक निवडून पाठवायचं. मला ते कायम टोचायचं. घरी आल्यावर खूप लोकांना वेगळं मेल लिहावं असं मला वाटायचं, पण तशी परवानगी नव्हती.

हडसनकर:
यावर उपाय होत नाही तोवर भारतात शिकलेल्यांनी मोठ्या संख्येने अर्ज करूनही असेच बाद होणार.

नानाकाका_एडिसन:
ओसरी, माझं १६ वर्षांपूर्वीचं गणित इथे चुकलं, खरं आहे. पण एक ऐका, पक्की ऑफर हातात येईपर्यंत कुठलीही चालू नोकरी सोडू नका. पहिली ऑफर येते ती तात्पुरती असते. मधे तपासणी, त्यात महिने जातात.

ओसरी:
काका, सध्या नोकरीच नाही, पण लक्षात ठेवते.

मंगळवारच्या जाहिरातीचं काय करू? विषयवार इव्हॅल्युएशनला विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) थेट जावं लागतं, भावाला उद्या तिकडे पाठवतेय. चार दिवसांत काही होणार नाही.

रेवती_एस:
ती सोडून द्या. या आठवड्यात सिरीज ०३४३ बघा, प्रोग्राम अॅनालिस्ट. तिथे पदवीची सक्ती नसते, अनुभवावर पात्र ठरता येतं. आरोग्याशी संबंधित खात्यांत या पदांवर आकडेवारीचं बरंच काम असतं. निबंधाचे प्रश्न असतील तर २०० शब्दांत स्वतःच लिहा, एआय वापरलं नाही असं लिहून द्यावं लागतं. आणि भावाला सांगा, प्रत्येक पेपरचं नाव आणि तासिका असलेला अभ्यासक्रमही विद्यापीठाच्या शिक्क्यासह मागून घे. तुमच्या वर्षाचा. नवा देतील, तो चालणार नाही.

ओसरी:
१९९९ ते २००१ चा. सांगते त्याला. बाबांच्या कपाटात तेव्हाची छापील पुस्तिका असू शकेल, त्यांनी काहीच टाकलेलं नाही.

व्हर्जिनियाची_वैशू:
पुस्तिका मिळाली की इथे सांग.

नवखा_टेक्सास:
मी ग्रीन कार्डवर आहे, बी.कॉम., अकाउंटंटच्या फेडरल जागेसाठी अर्ज करू शकतो का? घाई आहे.

पोटोमॅककाठ:
नवखा, वैशूंचा प्रतिसाद वाचा, नागरिकत्वाचं त्यात आहे. अकाउंटंटलाही तासांची अट असते, २४ सेमिस्टर-तास. वेगळा धागा काढा, आणि त्यात बी.कॉम. कुठलं आणि किती वर्षांचं ते पहिल्याच ओळीत लिहा.