मदत हवी आहे: २०१४ ची फोर्ड एस्केप १.६, कूलंटचा रिकॉल झालाय हे कसं ओळखायचं?

चाकोरी: अमेरिकेत सेकंडहँड घ्यायची आहे. या १.६ इकोबूस्ट इंजिनावर २०१७ मध्ये कूलिंगचा रिकॉल निघाला होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाड्या परत बोलावल्या होत्या. एनएचटीएसए या तिथल्या सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेच्या साइटवर व्हीआयएनचे, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचे, १७ आकडे-अक्षरं टाकली, तर काहीच बाकी नाही असं येतंय. विकणाऱ्याकडे कागद नाहीत. एवढ्यावर भागेल का? मेकॅनिककडून काय तपासून घेऊ?

गॅस्केट: नाही भागणार. त्या साइटवर फक्त न झालेली कामं दिसतात. काम झालं असो किंवा गाडी त्या रिकॉलमध्ये नसोच, उत्तर एकच. विकणाऱ्यालाच फोर्डच्या डीलरकडून 'ओएसिस' रिपोर्ट, म्हणजे फोर्डकडची त्या गाडीच्या कामांची नोंद, काढायला सांगा, परक्याला देताना काही डीलर काचकूच करतात. रिकॉल क्रमांक १७एस०९. आणि २०१३ ची एस्केप यात नाही. तिचा रिकॉल २०१३ अखेरचा, वेगळा. विकणारे ही दोन वर्षं सर्रास एकत्र करतात.

दोष असा: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) नीट फिरलं नाही की हेड, म्हणजे सिलिंडरवरचा धातूचा वरचा भाग, तापतं, हेडला तडा जातो, तिथून दाबाखालचं तेल बाहेर येतं. ते तापलेल्या भागावर पडलं की पेट. याच १.६ इंजिनाच्या ४,५५६ कुगा (एस्केपचंच तिकडचं नाव) दक्षिण आफ्रिकेत जानेवारी २०१७ मध्ये परत बोलावल्या होत्या.

आता मुद्द्याचं. १७एस०९ मध्ये बसवतात तो कूलंटची पातळी सांगणारा सेन्सर आणि त्याचं सॉफ्टवेअर. म्हणजे पाणी कमी झालं की गाडी बोंब मारते, गळती मात्र आहे तिथेच. आधीच तापून गेलेलं हेड सेन्सरने बरं होत नाही. म्हणून 'रिकॉल झालाय' हे ऐकून भाव वाढवू नका.

थर्मोस्टॅट: गाडी रात्रभर उभी असलेली, पूर्ण थंड बघा. विकणाऱ्याने आधीच चालू करून ठेवली असेल तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. बॉटलमधली, म्हणजे कूलंटच्या टाकीतली, पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका, अंगावर उसळतं.

मग प्रेशर टेस्ट, म्हणजे टाकीच्या तोंडाला पंप लावून कूलिंगमध्ये दाब भरायचा. झाकणावर लिहिलेल्या दाबाच्या वर पंप मारायचा नाही. १५ मिनिटं काटा स्थिर राहायला हवा. काटा उतरतोय पण बाहेर थेंब नाही, तर पाणी आत सिलिंडरमध्ये जातंय असं समजा. खात्रीसाठी ब्लॉक टेस्ट: इंजिन चालू असताना बॉटलमधली हवा निळ्या द्रवातून ओढतात, तो पिवळा पडला तर जळका वायू कूलंटमध्ये येतोय. स्कॅनर लावून पी१२८५ आणि पी१२९९ शोधा. हे हेड जास्त तापल्याचे कोड. कोड नुकतेच पुसलेत का तेही बघा. हेडच्या मागच्या बाजूला टॉर्च मारून ताजं तेल दिसतंय का पाहा.

चाकोरी: तेलाच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली तर हेड गेलं?

गॅस्केट: तेवढ्यावरून नाही. थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते. डिपस्टिकवरचं तेल दुधाळ असेल तर मात्र सोडा ती गाडी.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावरही विसंबू नका. कूलंट फारच घटलं की तापमानाचा सेन्सर वाफेत उघडा पडतो, मग काटा साळसूदपणे मध्येच राहतो.

थर्मोस्टॅट: रिकॉल बाकी निघाला तर घाबरू नका, काम फुकट होतं. पहिल्या विक्रीपासून १५ वर्षं ती सोय असते. वापरलेली गाडी रिकॉल बाकी असताना विकायला तिथे देशपातळीवर बंदी नाही, तेव्हा तपासणं तुमच्याच अंगावर. भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको. बॉटलवर मार्करने खूण करा आणि पहिला महिनाभर रोज सकाळी बघा.