शब्दचर्चा: अवकाश, अंतराळ, आकाश आणि ईथर

इंदूरहून प्रश्न : विश्वाच्या पर्यायी सिद्धांतांवर शाळेसाठी मराठी टिपण करायचे आहे. 'स्पेस'ला काय लिहावे? इथल्या मुलांच्या कानावर हिंदी असते, 'अवकाश' म्हटले की त्यांना सुट्टीच आठवते. 'अंतरिक्ष' चालेल का? आणि ईथरला 'आकाशतत्त्व' म्हणावे का?

बडोद्याहून : अवकाशच लिहा, पहिल्याच पानावर अर्थ द्या. गुजरातीतही हाच शब्द असल्याने आमच्याकडे अडत नाही. अंतरिक्ष, अंतराळ हे पृथ्वीच्या वातावरणापलीकडच्या प्रदेशासाठी ठेवा. यान अंतराळात जाते, वक्रता अवकाशाला येते. खोलीतही अवकाश आहेच, अंतराळ नाही. न्यूटनच्या मते वस्तू नसल्या तरी अवकाश असते. लायब्निझच्या मते ते वस्तूंच्या परस्परसंबंधांपलीकडे काहीच नाही. इथे 'अंतराळ' लिहिलेत तर वाद कशाचा तेच मुलांना कळणार नाही.

ग्वाल्हेरहून : आकाशतत्त्व नको, कृपा करून! वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनातले आकाश एक आणि सर्वव्यापी, शब्द म्हणजे ध्वनी हा त्याचा गुण. दूर-जवळ, पूर्व-पश्चिम यांसाठी त्यांनी 'दिक्' हे वेगळे द्रव्य मानले आहे. एकोणिसाव्या शतकातला ईथर हे प्रकाशलहरींचे माध्यम. दोन्हींना एकच नाव दिले की ध्वनीचा गुण प्रकाशाला चिकटतो. जैन दर्शनातले आकाश इतर द्रव्यांना जागा देते, ते मात्र अवकाशाच्या पुष्कळ जवळचे आहे. ईथरला ईथरच म्हणा.

ईथरमधून जाणाऱ्या पृथ्वीची गती प्रकाशावरून ओळखू पाहणारा मायकेलसन-मोर्ली प्रयोग (१८८७) देणार असाल तर आकडेही द्या. आरशांमधून वारंवार परावर्तन करून उपकरणाच्या काटकोनातल्या दोन भुजांपैकी प्रत्येक भुजेचा प्रकाशमार्ग सुमारे ११ मीटर केला होता. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर धरला तर उपकरण ९० अंश फिरवल्यावर व्यतिकरणाच्या (दोन प्रकाशझोत एकत्र आल्यावर दिसणाऱ्या) पट्ट्या ०.४ पट्टीइतक्या सरकायला हव्या होत्या. प्रत्यक्षात सरक त्याच्या विसाव्या भागाहूनही कमी भरली. मात्र 'ईथर नाही हे सिद्ध झाले' असे लिहू नका. गतीच्या दिशेने लांबी आक्रसते असे मानून लॉरेन्ट्झने ईथर टिकवला होता. १९०५मध्ये आइन्स्टाइनने त्याची गरजच उरू दिली नाही. पुढे १९२०च्या लायडेन व्याख्यानात त्याने स्वतःच हा शब्द पुन्हा वापरला, पण ज्याला गती चिकटवता येत नाही अशा अर्थाने.

इंदूरहून : हॉइल, बाँडी, गोल्ड यांच्या १९४८च्या सिद्धांताला 'स्थिर विश्व' लिहिले आहे.

बडोद्याहून : बदला. स्थिर विश्व हे आइन्स्टाइनच्या १९१७च्या प्रतिमानाचे नाव. त्यात प्रसरण नाही. हॉइल प्रभृतींचे विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य निर्माण होत राहिल्याने सरासरी घनता तीच राहते. म्हणून 'स्थिरस्थिती सिद्धांत'. १९६५मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारण, म्हणजे महास्फोटानंतरच्या उष्ण अवस्थेचा अवशेष मानले जाणारे सर्व दिशांचे प्रारण, सापडले, तिथे तो अडचणीत आला. हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३मध्ये त्याचे सुधारित रूप मांडले. 'महास्फोट' शब्दाखालीही एक ओळ टाका : स्फोट अवकाशातल्या एका जागी झाला नाही, अवकाशच सर्वत्र प्रसरण पावले.