मदत हवी आहे : आई ५८, अण्णा ७२, दोघांना प्रोटीन किती द्यावं?

आम्ही औसा तालुक्यातले. घर माळकरी, त्यामुळं अंडी-मटण नाही. दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी अन् तुरीचं वरण. अण्णांच्या पिंढऱ्या पार वाळल्यात, बाजेवरून उठताना भिंतीला हात लावावा लागतो. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन वाढवा.

वाचायला बसलो तर गोंधळच. २०१४ चा अमेरिकेतला एक अभ्यास म्हणतो, ५० ते ६५ वयात जास्त प्रोटीन, त्यातही प्राणिजन्य, खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त; ६५ नंतर मात्र उलटं. (अर्थात हा नुसता संबंध, कारण सिद्ध झालेलं नाही.) वयस्करांना वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम सांगतात. अण्णा ५५ किलोचे, म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम. आमच्या पातळ वरणात डाळ असती तरी किती!

सोयाबीन रानात ढिगानं पिकतं, पण सगळं आडतीवर जातं. घरी दळून भाकरीत घातलं तर म्हाताऱ्या माणसाला पचतं का? आधी भाजायचं की उकडायचं? अण्णांचं क्रिएटिनिन (रक्ततपासणीतला किडनीचा आकडा) थोडं वाढलेलंय, मग हा हिशोब कितपत धरायचा? आणि आईचं ताट आहे तसंच ठेवू का? लातुरात चांगले आहारतज्ज्ञ कुणाला माहीत असतील तर तेही सांगा.