ऑफिसात कोणी हत्यार घेऊन घुसलं तर? प्लॅन कसा करायचा

लातूरकर_क्लार्क: नमस्कार मंडळी. एका पतसंस्थेच्या शाखेत कामाला आहे. मागं एक थकबाकीदार कोयता घेऊन पार काउंटरपर्यंत आला, नशीब त्याच्याच भावानं धरून नेलं. आता साहेब म्हणायलेत तू प्लॅन बनव. नेटवर सगळं अमेरिकेतलं, बंदुकीचं, पळा-लपा-लढा. आमच्याकडं एकच शटर, खिडक्यांना ग्रील, मागच्या दारात जुन्या फायलींचे गठ्ठे. पळायचं कुठून?

वाळूज_सेफ्टी: भाऊ, पळा-लपा-लढा इथं पण तेच, उलट कोयतेवाल्यापासून नुसतं लांब गेलं तरी जीव वाचतो. म्हणून आधी ते गठ्ठे हलवा, आगीसाठी पण ती वाट लागतीच की. दाराला किल्लीवालं कुलूप नको, आतून हातानं उघडेल अशी कडी बसवा. लपायला रेकॉर्ड रूम, आतून कडी, दाराला कपाट सरकवायचं, लाईट बंद, मोबाईल सायलेंट, व्हायब्रेट सुद्धा नको. स्ट्राँगरूम आतून उघडत नसंल तर तिथं अजिबात जाऊ नका. ११२ ला ज्याला जमंल त्यानं लावायचा, साहेबाला विचारत बसायचं नाय. पत्ता, माणसं किती, हातात काय, एवढं सांगायचं. आगीचा अलार्म वाजवू नका, लपलेले लोक आग समजून बाहेर येतात. लढायचं ते कोपऱ्यात सापडल्यावरच, मग खुर्ची, फायर एक्स्टिंग्विशर जे हाताला लागंल ते, आणि सगळ्यांनी मिळून. पोलीस आले की रिकामे हात वर, त्यांच्याकडं पळत जाऊ नका.

कॅज्युअल्टी_ताई: १०८ ची गाडी आली तरी पोलीस हो म्हणेपर्यंत ती माणसं आत येत नाहीत, तोवर तुम्हीच. ओढणी, टॉवेल काहीही जखमेवर ठेवून जोरात दाबून धरा, सारखं उचलून बघू नका. सुरा रुतलेला असेल तर ओढून काढायचा नाही, बाजूनं दाबायचं. आणि हात जोडून सांगते, हळद, चहापावडर नका भरू हो जखमेत, आम्हाला आधी ते धुवत बसावं लागतं.

रिटायर्ड_वसुली: दार-कडी ठीक आहे, पण तुमचा कोयतेवाला काय अनोळखी नव्हता. सोयाबीन मातीमोल गेलंय, त्यात चार गावकऱ्यांदेखत "कधी भरता?" म्हणून ओरडलं की माणूस पेटतो. आत नेऊन बसवा, पाणी द्या, आणि दार त्याच्या पाठीमागं नाही, तुमच्या बाजूला राहील असं बसा. "बघून घेतो" म्हणाला की त्याच दिवशी रजिस्टरला नोंद, शब्द जसेच्या तसे. परत म्हणाला तर ठाण्यात अर्ज. स्टाफमधल्या एखाद्या बाईला नवरा धमक्या देत असेल तर तेही साहेबाला आणि वॉचमनला माहीत पाहिजे, पण तिला विचारूनच.

लातूरकर_क्लार्क: लई उपयोगी. साहेब म्हणतात एकाला खोटा कोयता देऊन अचानक ड्रिल घेऊ, कोण काय करतंय बघू.

वाळूज_सेफ्टी: येडेपणा करू नका राव! एखादा खातेदार खरं समजून त्याच्या डोक्यात स्टूल घालील. सगळ्यांना आधी सांगा, हत्यार-बित्यार काही नको, शाखा बंद झाल्यावर नुसतं काउंटरपासून मागच्या दारापर्यंत चालून बघा. शिपाई आणि झाडूवाल्या मावशींना पण घ्या, त्यांना कोणी सांगतच नाय.